बाळाच्या हुंकाराला ओ

'ताट' या एका शब्दात 'त' आणि 'ट' दोन्ही आहेत आणि ते वेगळे आहेत, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत वाढलेल्या बहुतेक प्रौढांना मात्र हे दोन ध्वनी एकच वाटतात. गंमत अशी, की तीच माणसं सहा महिन्यांची असताना त्यांना हा फरक कळत होता.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन ध्वनी ऐकवले होते. ध्वनी बदलला की बाजूचं एक खेळणं उजळायचं. बदल ओळखणारं बाळ खेळणं उजळायच्या आधीच तिकडे मान वळवायचं. ६ ते ८ महिन्यांची बाळं यात तरबेज निघाली. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्या बाळांना ते जमलं. म्हणजे तोंडातून धड एक शब्द फुटण्याआधीच कानाने आपली भाषा निवडलेली असते. ज्या भेदांचा घरात उपयोग नाही, ते कान सोडून देतो.

ही निवड सुरू होते गर्भातच. पोटात शब्द स्पष्ट पोचत नाहीत, पण बोलण्याची चाल पोचते. २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या प्रत्येकी ३० नवजात बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा होता, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्यांच्या आयांच्या भाषांसारखाच!

मग बाळाच्या कानावर भरपूर भाषा पडली की झालं का? दिवसभर व्हिडिओ लावून ठेवावा? पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये याचं उत्तर दिलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषक मंडळी १२ बैठकांत बोलली, खेळली. त्या बाळांना चिनी ध्वनी तैवानमधल्या बाळांइतकेच ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांच्या पदरी काहीच पडलं नाही.

पडदा बोलतो, पण ओ देत नाही. फरक तिथेच असावा, असं मला वाटतं, कारण मायकेल गोल्डस्टीन यांच्या प्रयोगातही तेच दिसलं. बाळाने आवाज काढताच आईने हसून जवळ सरकावं, हात लावावा, एवढीच सूचना. काही मिनिटांत बाळाची बडबड अधिक शब्दांसारखी झाली. तेवढाच लाड, पण अवेळी केला, तर हा परिणाम दिसला नाही.

तेव्हा बाळ 'आऽगू' म्हणालं की उत्तर द्या आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं मोठ्यांना सगळ्यात अवघड जातं. मनात पाच आकडे मोजा. बाळाला आपली पाळी घ्यायला वेळ लागतो. ते जिकडे बघतंय त्याचंच नाव घ्या, आपल्याला शिकवायचंय त्याचं नको. 'तेंदू' म्हणालं तर 'तेंदू नाही, चेंडू म्हण' असा तास घेऊ नका. 'हो, चेंडू! चेंडू पळाला' एवढं पुरे. लाडिक, सूर लावून, स्वर लांबवून बोलायला लाजू नका, बाळं तसं बोलणं जास्त लक्ष देऊन ऐकतात. घरात दोन भाषा असतील तर असू द्या, त्यामुळे वाचा खुंटत नाही. मात्र शब्द मोजताना दोन्हींतले मोजा.

'बोलेल हळूहळू' या दिलाशाबद्दल मात्र मी जरा कडक आहे. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, पण कोणतं मूल येईल हे घरबसल्या ओळखता येत नाही. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही, दोन वर्षांचं होऊनही 'आई ये' असे दोन शब्द जोडणं नाही, किंवा आलेले शब्द कधीही गळाले, तर डॉक्टरांना दाखवा. आधी कान तपासा. दर हजारी एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकण्याचा दोष असतो आणि सुरुवातीचे हुंकार तीही देतात, म्हणून घरचे फसतात. नवजात बाळाची श्रवणचाचणी झोपेतही होते, दुखत नाही आणि काही मिनिटांत उरकते.

आणि ज्या घरात खुणांची भाषा चालते, तिथली कर्णबधिर बाळं बडबडतातच. १९९१ च्या एका अभ्यासात ती हातांनी, तालात, तेच तेच आकार पुन्हापुन्हा करताना दिसली. इतर बाळं 'बाबाबा' करतात तशीच.