मोहोरलेल्या आंब्याखाली

सकाळी दहाच्या सुमारास मोहोरलेल्या आंब्याखाली उभं राहिलं, की झाडच गुणगुणतंय असं वाटतं. "मधमाश्या आल्यात," आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण पाच मिनिटं मान वर करून नीट पाहिलं, तर त्यातल्या कितीतरी मधमाश्या नसतातच. वसंतपंचमीपासून होळीपर्यंतच्या दिवसांत कीटक ओळखायला शिकायचं असेल, तर मला या एका झाडाइतकी चांगली शाळा माहीत नाही.

पहिली अडचण भाषेचीच आहे. आपण घरमाशीलाही माशी म्हणतो, मधमाशीलाही माशीच. कीटकांच्या वर्गीकरणात मात्र या दोघी खूप लांबच्या. मधमाशीला चार पंख, घरमाशीला दोनच. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गाठी असतात. उडताना त्या सतत थरथरतात आणि शरीर कुठे कललं, कुठे वळलं याची खबर माशीला देतात. तुमचा हात खाली येईपर्यंत ती निसटलेली असते, त्यात या गाठींचा मोठा वाटा आहे. दोन पंखांमुळेच या गणाला, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटाला, द्विपंखी म्हणतात.

आता प्रत्यक्षात पंख मोजायला गेलात तर फसाल. मधमाशीचा पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेला असतो, त्यामुळे चार पंख दोनच दिसतात. म्हणून मी आधी चेहरा बघते. डोकं जवळजवळ डोळ्यांनीच भरलेलं आणि मिशा म्हणजे नुसते दोन खुंट, तर माशी. मिशा लांब आणि कोपरात वाकवल्यासारख्या, तर मधमाशी. मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे दिसले, की शंकाच उरत नाही.

मोहोरावर हमखास फसवते ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत खिळा ठोकल्यासारखी एका जागी तरंगणारी माशी. तिचं कुळ सिर्फिड. तिला नांगी नाही, डंख नाही. पट्टे आहेत ते पक्ष्यांना घाबरवण्यापुरते. अशा सोंगांचा उलगडा इंग्लिश निसर्गअभ्यासक हेन्‍री बेट्स यांनी १८६२ साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून केला. या कुळातल्या अनेक जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात. मोठी झालेली माशी मात्र फुलांवर जगते आणि परागीभवनाला हातभार लावते. आंब्याचं फूल इवलंसं आणि उघडं, त्यामुळे आखूड तोंडाच्या माश्यांनाही त्यातला मध सहज मिळतो. कैरी धरण्यात माश्यांचा वाटा मोठा आहे, हे बागेत माशी दिसताच नाक मुरडणाऱ्यांना मी आवर्जून सांगते.

आता मोहोराच्या दांड्याकडे बघा. चार-पाच मिलिमीटरचे, पाचरीसारखे, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळते कीटक तिथे दिसतील. बोट जवळ नेलं की ते तिरके सरकत दांड्याच्या पलीकडे जातात. हे तुडतुडे. एरवी सालीच्या भेगांत दडून असतात, मोहोर फुटला की बाहेर येऊन रस शोषतात आणि कोवळ्या दांड्यांत अंडी घालतात. त्यांच्या शरीरातून गळणारा गोड चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते. पानं काजळी धरल्यासारखी दिसली, की तुडतुडे न दिसताही ओळखता येतात.

त्याच झाडावर पानं रेशमाने शिवून घरटं करणारे हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, असतील, तर जपून. चावा झोंबतो. पण लांबून एकेकाचे पाय मोजा. क्वचित एखाद्या हुमल्याला आठ पाय निघतील. तो कीटकच नव्हे, हुमल्याचं रूप घेतलेला उड्या मारणारा कोळी! पुढचे दोन पाय उचलून तो मिशांसारखे हलवतो. फांदीला धक्का लागला की खरा हुमला अंगावर येतो, हा मात्र धाग्यावरून खाली लोंबकळतो.

काटेसावरीची बोंडं फुटू लागली, की बुंध्याशी लाल-काळ्या किड्यांची गर्दी होते. त्यांना सरसकट 'लाल किडे' म्हणून सोडून देऊ नका. पाठीवर पंख एकमेकांवर येऊन फुलीसारखी खूण होते का? मग तो ढेकणाच्या जातकुळीतला, अर्धपंखी. झाडाचं बी सोंडेने टोचून शोषतो. पंखांच्या कडा पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत भिडल्या असतील, तर तो भुंगेरा, ढालपंखी. या एका रेषेने मला जेवढी मदत केली आहे, तेवढी जाड पुस्तकांनीही केली नसेल. आणि भुंगेरा म्हणजे भुंगा नव्हे. कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कमळाच्या कळीत अडकतो, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकतो. तो काळा, निळसर चमकत्या पंखांचा भुंगा मधमाश्यांचा नातलग आहे. लाकूड तो खात नाही. मादी त्यात बोगदा कोरते, भुश्श्याच्या भिंती घालून खोल्या करते आणि प्रत्येक खोलीत पराग ठेवून एक अंडं घालते.

यासाठी सामान फार लागत नाही. दसपट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइल पुरे. उन्हं चढायच्या आत गेलात, तर थंडीने गारठलेले कीटक उडत नाहीत, फोटो निवांत मिळतात. एक वरून, एक बाजूने, एक चेहऱ्याचा. झाड कोणतं, हेही लिहाच. पुष्कळ कीटक ठरावीक झाडांनाच धरून असतात. जगात नाव दिलेले कीटकच सुमारे १० लाख आहेत, त्यामुळे फोटोवरून जात सांगता येईलच असं नाही. गण आणि कुळापर्यंत पोचलात, तर तिथे थांबायला काहीच हरकत नाही. माझ्या वहीत फेब्रुवारीतली अशी एक नोंद आहे: "द्विपंखी. बहुधा सिर्फिड. आंब्याचा मोहोर, सकाळी १०. डोळे तांबूस, पोटावर तीन पिवळे पट्टे." पुढे जातीसाठी जागा सोडली आहे.