एअर डॅम आणि स्प्लिटर: एक उभा, एक आडवा

भाच्याने बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडसमोर गाडी लावली आणि खाली उतरायच्या आधीच काच खाली करून म्हणाला, "मामा, स्प्लिटर बसवलो बघा." बंपरच्या खालून दोन-तीन इंच पुढे आलेली काळी फळी होती. हाताने दाबली तर बोटभर खाली गेली, सोडल्यावर परत वर. गुडघे टेकून खालून बघितलं, तर तिच्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत 'साडी सेंटर'. पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं म्हटल्यावर दुकानांच्या जुन्या पाट्या उतरल्या, त्यांतल्याच एकीची एसीपी शीट (पाट्यांना वापरतात तो ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा पत्रा) पठ्ठ्याने फुकटात आणून रंगवली होती.

"ह्यानं पुढचं चाक रस्त्याला चिकटून ऱ्हातंय," तो म्हणाला. चाक चिकटवण्याची कल्पना चुकीची नाही. पण त्याला हवा होता एअर डॅम, बसवला होता स्प्लिटर, आणि तोही दाबला की दबणारा. ऑनलाइन दुकानांत बंपरखाली लागणारी कुठलीही वस्तू लिप, चिन स्पॉयलर, स्प्लिटर अशा हाताला येईल त्या नावाने विकतात, त्यामुळे पोराला तरी काय बोलायचं.

ओळखायची खूण सोपी आहे. बंपरखाली पडद्यासारखा उभा लोंबतो तो एअर डॅम. बंपरच्या तळातून ओठासारखी आडवी पुढे येते ती स्प्लिटरची फळी. दोघांची कामं मात्र पार वेगळी.

आधी गाडी हलकी का होते ते बघू. साध्या गाडीची पाठ फुगीर असते. तिच्यावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. खाली सायलेन्सर, सस्पेन्शनचे आर्म, इंजिनचं चेंबर असा खडबडीत बाजार. तिथे घुसलेली हवा अडखळते, तुंबते. वरून ओढ आणि खाली तुंबारा, म्हणून वेग वाढला की बहुतेक गाड्या थोड्या उचलल्या जातात.

एअर डॅम त्या खालच्या हवेला दारातच अडवतो. हवा बाजूने आणि वरून जाते, पोटाखाली कमी शिरते, आणि डॅमच्या मागे दाब उतरतो. त्याचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. मागचा दाब उतरला की रेडिएटरमधून आलेली हवा खाली खेचली जाते, म्हणजे इंजिन थंड राहायला मदत होते. अमेरिकेतली १९८४ ते १९९६ ची चौथ्या पिढीची कॉर्व्हेट तर रेडिएटरची हवा बंपरच्या खालूनच घ्यायची. तिचा डॅम तुटला की इंजिन तापायचं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांनाही कंपनीतूनच बंपरखाली काळी पट्टी येते. ती हम्पवर निखळली की आपण 'शोची होती' म्हणून सोडून देतो.

स्प्लिटरचं गणित उसाच्या पाटावर समजतं. पाटात उभी फळी घातली की पाणी तिच्यामागे चढतं. त्या फळीच्या बुडाशी आडवी फरशी ठेवली असेल, तर चढलेल्या पाण्याचा सगळा भार तिच्यावर येतो. गाडीत अडलेली हवा म्हणजे ते चढलेलं पाणी, बंपर किंवा डॅम ही उभी फळी आणि स्प्लिटर ही फरशी. वरून दाब, आणि खालच्या अरुंद फटीतून हवा जोरात गेली तर खालून ओढ. म्हणून डॅमशिवाय स्प्लिटर अर्धाच. बंपर गोल, मागे झुकलेला असेल तर पाणी चढणारच नाही, नुसती फरशी घेऊन काय करणार? उलट डॅमचं स्प्लिटरवाचून काही अडत नाही.

ह्यातूनच मालाचा फरक निघतो, आणि भाचा नेमका तिथे फसला. डॅम लवचीक हवा. रबरी मडफ्लॅपची किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी चालते, घासली तर वाकते आणि परत सरळ होते. स्प्लिटर अजिबात वाकता कामा नये. ट्रॅकवर हौसेने पळवणारे जाड प्लायवूड लावतात, चासीला ब्रॅकेट मारतात आणि पुढच्या कडेला वरून लोखंडी ताण देतात. बंपरच्या प्लॅस्टिकला दोन स्क्रूंनी टांगलेली एसीपी शीट म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमचे पापुद्रे आणि मध्ये प्लॅस्टिक. भार आला की ती वाकणार, बंपरसकट.

आणि भार किती येतो? मी त्याला पाटीच्या उरलेल्या तुकड्यावरच हिशोब करून दाखवला. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, हवा थोडी विरळ. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणारी हवा पूर्ण अडली तर तिचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४३ किलो. फळी दीड मीटर रुंद आणि तीन इंच पुढे धरली, तर वरच्या बाजूला मिळणार जास्तीत जास्त पाच किलो. साखरेची पिशवी. वेग निम्मा केला की भार चौथाई होतो, म्हणजे ताशी ५० ला सव्वा किलोच्या आसपास. खालची ओढ धरून हे वाढेल, पण त्यासाठी फळी रस्त्यापासून चार बोटांवर हवी. खानापूर रोडवर चार बोटं!

"मग गोव्याला जाताना वळणावर काय उपयोग न्हाई?" नाही. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या वळणांत गाडी चाळीसवर असते, तिथे टायरमधली हवा आणि टायरची नक्षी ह्यांचा भरवसा. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चारपदरी रस्त्याला कारची मर्यादा १०० ची. वंटमुरी, तवंदी घाट धरून निपाणीपर्यंत तुम्ही कायद्यात राहिलात, तर वर सांगितलेले पाच किलो हाच हिशोब.

पण पुढचा भाग ही क्षुल्लक गोष्ट आहे असंही नाही. सुरुवातीच्या पोर्शे ९११ चं इंजिन मागे, पुढचं नाक हलकं. साठच्या दशकात कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत अकरा-अकरा किलोची बिडाची वजनं कोंबली होती. आमच्या फौंड्रीवाल्यांना हे ऐकून भारी वाटतं. पुढे १९७२ च्या मॉडेलपासून ९११ एसला पुढे छोटा स्पॉयलर आला, म्हणजे बिडाऐवजी हवेला कामाला लावलं. पण पुढे भार वाढवला आणि मागे तसाच ठेवला तर जोरात वळताना शेपूट सुटते. १९९८ मध्ये आलेल्या ऑडी टीटीची मागची बाजू जास्त वेगात हलकी व्हायची. युरोपात अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला आणि सस्पेन्शन बदललं. म्हणून फक्त पुढे जोडकाम करणाऱ्याला मी आधी मागचं विचारतो. भाच्याने मागचा विचार केलाच नव्हता, दिसतो तो पुढचा भाग.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंपरवरचे क्रॅश गार्ड काढायला लावले ते ह्याच कलमावर बोट ठेवून. पायी चालणाऱ्याच्या नडगीच्या उंचीला कडक, धारदार कड ठेवणं मला तरी पटत नाही, मग गाडी बेळगावची केए-२२ असो की कोल्हापूरची एमएच-०९.

शेवटी शीट काढली नाही, पण तिला रबरी पट्टीचा उभा डॅम जोडू म्हटलं. पोरगं तयार झालं आणि पट्टी यायच्या आत मित्रांना घेऊन गोव्याला जाऊन आलं. परवा गाडी रॅम्पवर घेतली. 'साडी सेंटर'मधला 'सा' आणि शेवटचा 'र' तेवढा वाचता येत होता, मधलं सगळं हम्पांनी घासून पांढरं केलेलं. एक स्क्रूही गायब. "मामा, वाऱ्यानं न्हवं हां," भाचा म्हणाला आणि दहाचा पाना शोधायला लागला.