मांजर उंबऱ्याच्या आत कधी आलं?

मांजर घरातच ठेवायचं की बाहेर सोडायचं, असं आमच्या आजीला कुणी विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. कोकणातल्या तिच्या कौलारू घरात मांजर वळचणीतून आत यायचं, चुलीपाशी ऊब घेत बसायचं आणि रात्रभर माळ्यावर उंदरांमागे धावायचं. दुधादह्याची मडकी शिंक्यात टांगलेली असत. उरलासुरला दूधभात मिळे, पण पोट भरायचं ते मांजराने आपलं आपण.

हा व्यवहार फार जुना आहे. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथे सापडलेल्या, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एका तरुण मांजराचा अखंड सांगाडा होता. मांजर त्या बेटावरचं नव्हेच, म्हणजे कुणीतरी ते होडीतून तिथे नेलं होतं. माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. मोकळं फिरणं हेच त्याचं काम होतं.

या कामाला आपल्याकडे एकदा सरकारी डॉक्टरनेही दाद दिली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत, तो पसरवणाऱ्या उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखवलं. पुढे १९०८ साली अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी लिहिलं की ज्या गावांत घरोघरी मांजर आहे तिथे प्लेग कमी दिसतो, तेव्हा लोकांनी मांजरं पाळावीत. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तरी मांजराकडून काय अपेक्षा होती ते यातून नेमकं दिसतं.

मग दार बंद कधी झालं? माझ्या मते त्याचं उत्तर मातीत आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावात १९४७ च्या हिवाळ्यात एक शेजारीण एड लो या तरुणाकडे मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू गोठली होती आणि चुलीतली राख वापरली की काळी पावलं घरभर उमटत. लो यांच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषणाऱ्या वस्तूंचा. त्यांनी तिला दाणेदार वाळवलेली माती दिली. आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्याच जातीची ही माती. ती ओल शोषायची आणि वासही धरून ठेवायची. लो यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहिलं आणि किंमत ठेवली ६५ सेंट. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना हे कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला. तर आधी फुकट वाटा, असं लो यांनी सांगितलं.

वाळूवर दिवस काढलेल्यांनाच याचं मोल कळेल. आमच्या लहानपणी आई बांधकामावरून घमेलंभर वाळू आणायची. पावसाळ्यात ती ओलीच असायची आणि दोन दिवसांत गॅलरीत उभं राहवत नसे. अशा घरात मांजर चोवीस तास कोंडणं कुणाच्या मनातही आलं नसतं.

गंमत अशी की लो यांच्या मातीनंतर दोनच वर्षांत अमेरिकेत मांजर आत की बाहेर हा प्रश्न कायद्याच्या दारात गेला. मांजर मोकाट सोडणाऱ्या मालकाला दंड करणारं विधेयक इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने पक्षीप्रेमींच्या आग्रहावरून मंजूर केलं. गव्हर्नर अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी एप्रिल १९४९ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. थोडंफार एकटं भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे, आणि मांजर-पक्ष्याच्या भांडणात आज पडलो तर उद्या कुत्रा-मांजराच्या आणि पक्षी-किड्याच्या भांडणातही पडावं लागेल, असं त्यांनी लिहिलं.

माती मिळाली तरी बोका घरात टिकत नाही. त्याची फवारणी आणि माजावर आलेल्या भाटीचं रात्रभर ओरडणं ज्याने सोसलंय त्याला हे सांगायला नको. शस्त्रक्रिया सुरक्षित आणि परवडणारी व्हायला आणखी काळ गेला. लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेने स्वस्त नसबंदीचा दवाखाना उघडला तो १९७१ मध्ये.

आणि मग खाणं. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपलं मराठी घर चुकतं. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांस-मासळीत असतो आणि मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्य पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्याच्या एका आजारामागे टॉरिनची कमतरता आहे, आणि टॉरिन दिलं की अनेक मांजरं सुधारतात. ती मांजरं बाजारातलं तयार खाणंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आजीचं मांजर दूधभातावर धडधाकट राहायचं, कारण उरलेलं पोट ते उंदीर-पालींनी भरायचं. फ्लॅटचं दार लावून घेऊन तोच दूधभात आणि दूधपोळी चालू ठेवली, तर आपण त्याचं खरं जेवण काढून घेतो.

पक्ष्यांची बाजूही हलकी नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजरं आली आणि जवळजवळ न उडणारा एक इवलासा रेन पक्षी काही काळातच संपला. २०१३ च्या एका अभ्यासात अमेरिकेतली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज निघाला. त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा होता, हे मात्र वादात बहुतेक वेळा गाळलं जातं. पुढे कायदे आले. कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेलं मांजर आवारातच ठेवावं लागतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावाने जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलासाठी मांजरांना ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवायला लावलं. ब्रिटनमध्ये मात्र मांजराने बाहेर फिरावं हेच आजही रीतीचं मानतात. तिथल्या कायद्याने १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये मायक्रोचिप सक्तीची केली, दार बंद करायला सांगितलं नाही.

आपल्या शहरांत प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण बरीचशी मांजरं ना घरातली ना रस्त्यावरची, ती सोसायटीची असतात. पहिल्या मजल्यावर मासे, तिसऱ्यावर दूध आणि पिल्लं जिन्याखाली. माझं मत स्पष्ट आहे: वर राहणारं, रस्त्यालगतचं मांजर आत ठेवावं आणि खालच्यांची नसबंदी करावी. खिडकीला जाळी हवीच. मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर उतरतं या भरवशावर राहू नये. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात १९८० च्या दशकात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली होती. त्यांतली ९० टक्के वाचली, पण छातीला मार लागलेली आणि जबडा फुटलेली त्यांत पुष्कळ होती.

आमची मनी दिवेलागणीला घरभर सुसाट धावते, पडदा चढते, कपाटावरून झेप घेते. पहाट आणि संध्याकाळ हीच मांजराची शिकारीची वेळ, म्हणून तेव्हा दहा मिनिटं दोरीला पीस बांधून मी तिच्याशी खेळते आणि मगच ताटली ठेवते. मग ती जाळीशी जाऊन बसते. खाली स्कूटरच्या सीटवर एक करडी भाटी झोपलेली असते. तिच्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे तिची शस्त्रक्रिया झालेली आहे.