झोपडपट्टीत राहणारा आणि बेघर: फरक कुठे पडतो?

मुंबईबद्दल बोलताना ‘झोपडपट्टीवाले’ आणि ‘बेघर’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. गरिबी दोघांच्याही वाट्याला आहे, पण सरकारदरबारी त्यांची खाती वेगळी आहेत.

झोपडी कितीही गळकी असली तरी जनगणनेत ती घर म्हणूनच मोजली जाते. तिच्यासाठी 1971 चा झोपडपट्टी कायदा आहे, झोपडपट्टी पुनर्वसन योजना आहे. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), वीजबिल, मतदारयादीतलं नाव जुळलं, तर 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहणाऱ्याला फुकट घर. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्याला अडीच लाख रुपये भरून. जुनं वीजबिल मुंबईत दागिन्यासारखं जपतात ते काही उगाच नाही.

बेघराकडे ना जागा, ना तारीख. 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत त्यांची देशभर मोजणी झाली: पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायरीवर, सिमेंटच्या पाइपात. आकडा भरला 17.7 लाख. त्या रात्री जो बाजारात ट्रक उतरवत होता, तो कुठे सापडणार? बेघरासाठी योजना आहे ती निवाऱ्याची: शहरातल्या दर लाख लोकसंख्येमागे 100 माणसांचा एक. म्हणजे मुंबईला सव्वाशेच्या आसपास हवेत. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाहीत.

खरा घोळ आहे तो फूटपाथवरच्या झोपडीचा. भायखळ्याला भिंतीला टेकवून ताडपत्री बांधलेलं बिऱ्हाड कोणत्या खात्यात धरायचं? कागद असतील तर तेही पुनर्वसनात बसू शकतं, नसतील तर ते निव्वळ अतिक्रमण. मग ही माणसं लांब स्वस्तात का राहत नाहीत? पहाटे मशीद बंदरला ओझी उचलायची किंवा दादरला फुलं उतरवायची, तर विरारहून येऊन कसं भागणार? काम जिथे, पथारी तिथे.

1981 च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी या लोकांना शहराबाहेर घालवण्याचा आदेश काढला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या याचिकेवरच्या 1985 च्या ‘ओल्गा टेलिस’ निकालाचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पोटासाठीच माणसं फूटपाथवर राहतात, हेही सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केलं. पुढचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कुणालाच नाही आणि पालिकेचा अतिक्रमण हटवण्याचा अधिकार वैध आहे, असंही त्याच निकालात आहे. 1976 च्या झोपडपट्टी गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला न्यायालयाने सांगितलं. ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्यांच्या पदरात पडली ती पाऊस सरेपर्यंतची, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंतची मुदत.