काचेवरचा ओरखडा आणि सिरियमची भुकटी

गाडीच्या काचेवर टूथपेस्ट चोळून ओरखडा घालवल्याचे व्हिडिओ मला इतक्या जणांनी पाठवले, की शेवटी मी स्वतःच्याच गाडीवर करून पाहिलं. उजव्या बाजूच्या पुढच्या खिडकीवर वीतभर लांबीचा उभा ओरखडा होता. पेस्ट लावली, दहा मिनिटं फडक्याने चोळली आणि ओल्या कापडाने पुसून घेतली. ओरखडा खरोखरच दिसेना. मग काच वाळू लागली, तसा तो वरच्या टोकाकडून हळूहळू खाली उमटत आला. दुसऱ्यांदा पेस्टऐवजी नुसतं पाणी लावलं. तेव्हाही ओरखडा तसाच गेला आणि तसाच परत आला.

याचं कारण शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातच आहे. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचं माप, साधारण १.५२, हवेचा १. खाचेत हवा भरलेली असते, त्यामुळे खाचेच्या खडबडीत भिंतींवर प्रकाश जोरात वळतो आणि परावर्तित होऊन विखुरतो. खाचेत पाणी शिरलं की फरक उरतो १.५२ आणि १.३३ एवढाच. समोरून येणाऱ्या प्रकाशाचं परावर्तन चार टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. खाच जागच्या जागी असते, पण डोळ्याला तिचा पत्ता लागत नाही. ते व्हिडिओ काच ओली असतानाच संपतात, हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं उलगडतं. पुढच्या काचेवर खडा लागून टवका उडतो तेव्हा त्यात राळ भरतात, तिथेही हेच तत्त्व वापरलेलं असतं. त्या राळेचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा निवडतात आणि अतिनील प्रकाशाने ती कडक करतात. ती पाण्यासारखी वाळून उडून जात नाही.

आता मुळात ओरखडा पडतो कसा? कठीणपणा एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोहच्या काठिण्य श्रेणीत काच साडेपाचच्या आसपास आहे आणि वाळूतली गारगोटी सातवर. खिडकीची काच दारात खाली जाते तेव्हा ती रबर आणि लोकर लावलेल्या पट्टीला घासत जाते. त्या पट्टीत अडकलेला वाळूचा एक कण दर वेळी त्याच जागी रेघ ओढतो. म्हणून खिडकीवरचे ओरखडे उभे असतात, आणि पुढच्या काचेवरचे वायपरच्या वाटेने कमानदार.

कण काचेवरून सरकताना नांगरासारखा चर पाडतो, पण काच मातीसारखी बाजूला सरत नाही. चराखाली बारीक तडे जातात, आणि काही तडे आडवे वळून पृष्ठभागाकडे येतात. तिथून काचेचे सूक्ष्म कपचे उडतात. ओरखडा पांढुरका दिसतो तो या तुटक्या कडांमुळे.

म्हणजे ओरखडा हा डाग नाही, तो खड्डा आहे. खड्डा काढून टाकता येत नाही. भोवतालची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. खाच २० मायक्रॉन खोल असेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव-तृतीयांश, तर आजूबाजूची तळहाताएवढी काच २० मायक्रॉनने झिजवायला हवी. टूथपेस्टमधली खडूची भुकटी मोहच्या श्रेणीत तीनवर आहे. दाताच्या कवचाला इजा होऊ नये अशाच बेताने टूथपेस्ट बनवलेली असते, आणि ते कवच काचेपेक्षाही थोडं मऊ आहे. पेस्टने पाण्याचे क्षार आणि चिकट थर निघतात, ते उपयोगाचं आहेच, पण खड्डा तसाच राहतो.

काच झिजवून पुन्हा आरशासारखी करणारा पदार्थ आहे सिरियम ऑक्साइड. सिरियम हे मूलद्रव्य १८०३ साली सापडलं आणि दोन वर्षं आधी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याचं नाव पडलं. त्याच्या ऑक्साइडची फिकट पिवळसर भुकटी पाण्यात कालवून ड्रिलला लावलेल्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकतीने काचेवर फिरवतात. विसाव्या शतकात तिने भिंग घासणाऱ्यांची जुनी लाल भुकटी, म्हणजे आयर्न ऑक्साइड, बरीचशी मागे टाकली.

या भुकटीबद्दल मला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून एका गोष्टीचं कुतूहल गेलेलं नाही. सिरियम ऑक्साइड मोहच्या श्रेणीत सहाच्या आसपास, काचेहून जेमतेम कठीण. ॲल्युमिनियम ऑक्साइड नऊवर, हिरा दहावर. नुसतं खरवडायचं असतं, तर हिऱ्याच्या भुकटीने सगळ्यांत छान पॉलिश व्हायला हवं होतं. पण हिरा नव्या रेघा पाडतो आणि सिरियम काच तुकतुकीत करतो. दुसरी खूण याहून बोलकी आहे. तीच भुकटी, तोच दाब, तीच चकती ठेवून पाण्याऐवजी एखादं तेल वापरलं, तर काच जवळजवळ झिजतच नाही. पाणी इथे नुसतं थंडाव्यासाठी नसतं, ते प्रत्यक्ष कामाला लागलेलं असतं.

काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची अस्ताव्यस्त जाळी. दर दोन सिलिकॉन अणूंमध्ये एक ऑक्सिजनचा पूल. चकतीच्या दाबाखाली पाण्याचा रेणू या पुलात शिरतो आणि पूल तोडतो. तुटलेल्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, लागतात. असे पुरेसे पूल तुटले की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा मऊ, ओलसर थर तयार होतो. सिरियम ऑक्साइडच्या कणावरही हायड्रॉक्सिल गट असतात. कण काचेवर टेकला की दोन्हींकडचे गट एकत्र येऊन पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात, आणि सिलिकॉन–ऑक्सिजन–सिरियम असा नवा बंध जुळतो. चकती फिरते, कण पुढे जातो, आणि जाताना तो सिलिकॉन जाळीतून उपटून बरोबर नेतो. खाली उरलेले पूल पाण्याने आधीच खिळखिळे केलेले असतात. अशी काच रेणूरेणूने निघते, म्हणून मागे रेघ राहत नाही. उंचवट्यांवर दाब जास्त, म्हणून ते आधी झिजतात आणि पृष्ठभाग सपाट होत जातो. संगणकाच्या चिप बनवताना सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्याच सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळीचे, थर सपाट करायला सिरियमचा असाच रबडा वापरतात.

म्हणूनच पॉलिश करताना भुकटी वाळू देऊ नये. पाणी संपलं की रसायन थांबतं, नुसतं घर्षण उरतं आणि काच तापते. एकाच जागी तापलेली काच प्रसरण पावते, भोवतालची थंड काच तिला अडवते, आणि तडा जाऊ शकतो. दर मिनिटाला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी. काच कोमट लागली की थांबावं. या पद्धतीने काच मिनिटाला फार तर मायक्रॉनच्या आसपास झिजते. आडवं नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर ओरखडा इतका खोल आहे की घरच्या ड्रिलवर तासन्‌तास जातील.

इथेच गाडीच्या काचेवर लावायच्या ‘नाइन एच’ कोटिंगबद्दल लिहायला हवं, कारण त्या आकड्यावर लोक पैसे घालवतात. जाहिरातीतला नऊ हा पेन्सिलीचा आकडा आहे. पृष्ठभागावर वाढत्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून ही चाचणी करतात. मोहच्या श्रेणीतला नऊ म्हणजे कुरुंद, माणिक, नीलम. या दोन नवांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘नाइन एच’ पेन्सिलीचा ओरखडा साध्या काचेवरही उठत नाही, वाळूचा मात्र दोन्हींवर उठतो. पाणी निथळायला कोटिंग चांगलं. वाळूपासून ते वाचवत नाही.

खिडकीची काच घासल्याने कमकुवत होईल, ही भीती मात्र रास्त आहे, कारण ही काच टफन्ड असते. ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरची कातडी आधी घट्ट होते, आतला भाग मागाहून आकसतो आणि कातडीला कायमचं दाबून धरतो. हा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास हजारपट असतो आणि तो तड्यांची तोंडं मिटवून ठेवतो. दाबलेला थर दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे चार मिलिमीटरच्या काचेत ८०० मायक्रॉन. पण २० मायक्रॉन गेल्याने त्याला धक्का लागत नाही.

पुढच्या काचेचं गणित वेगळं. तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, आणि खरी अडचण दिसण्याची येते. एकाच जागी घासलं की तिथे उथळ वाटी तयार होते, आणि वाटी म्हणजे भिंगच. चालकाच्या नजरेसमोरची काच म्हणूनच घरी घासू नये. खिडकीवरही ओरखड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदीत चकती फिरवावी. मधूनमधून काच पुसून पूर्ण वाळू द्यावी, आणि तिच्यातून दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहत डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवावं. खांब एखाद्या जागी लचकल्यासारखा दिसला, तर चकती तिथेच बाजूला ठेवावी, पुसटसा ओरखडा उरला असला तरी.