पोलीस केस वेगळी, क्लेम वेगळा

अपघातात पाय मोडून घरी पडलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "केसचं काय झालं?" घरचे म्हणतात, "चालू आहे पोलिसांत." आणि विषय तिथेच संपतो. गोची नेमकी इथे आहे. एका अपघातातून दोन प्रकरणं उभी राहू शकतात. पहिलं पोलीस चालवतात, त्यासाठी तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. दुसऱ्यातून पैसे मिळतात, पण तुम्ही हालचाल केली नाही तर ते बहुतेक वेळा उभंच राहत नाही.

पहिलं प्रकरण फौजदारी. एफआयआर, तपास, दोषारोपपत्र, मग मॅजिस्ट्रेटसमोर खटला. 1 जुलै 2024 पासून यात भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल 281, कुणाला गंभीर दुखापत झाली तर 125(ब). जुन्या लोकांच्या तोंडी अजून आधीच्या भारतीय दंड संहितेतली 279 आणि 338 आहेत, तीच ही. गंभीर दुखापतीला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला 'सरकार विरुद्ध चालक' असा असतो. सरकारी वकील सरकारच्या बाजूने उभा राहतो आणि तुम्ही त्या खटल्यात फक्त साक्षीदार असता. दंड झाला तर तो सरकारजमा होतो. कोर्टाला जखमीला भरपाई द्यायचा अधिकार आहे, पण त्या रकमेवर ऑपरेशनचा खर्च निघेल अशी आशा धरू नये.

दुसरं प्रकरण म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला अर्ज, बोलीभाषेत क्लेम. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली तो तुम्ही स्वतः करायचा असतो. समोर गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी. पैसे प्रत्यक्षात भरते ती बहुधा विमा कंपनी, म्हणून तिथे खरी लढत तिच्या वकिलाशी होते. अपघात एक्सप्रेसवेवर झाला आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरलाच अर्ज करता येतो. जिथे अपघात झाला, जिथे तुम्ही राहता किंवा धंदा करता, किंवा जिथे समोरचा राहतो, यातलं कुठलंही ठिकाण चालतं.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. फौजदारी खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि घरचे वाट पाहतात की एकदा 'केसचा निकाल' लागला की पैशाचं बघू. पण क्लेमसाठी अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. मधली बरीच वर्षं ही मुदत कायद्यात नव्हती, 2019 च्या दुरुस्तीने ती परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. त्यामुळे "क्लेम कधीही टाकता येतो" असं सांगणारे काका चुकीचं बोलत नव्हते, त्यांची माहिती जुनी झाली आहे इतकंच. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने, पुढचा आदेश होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असं सांगितलं. तरीही त्या भरवशावर बसून राहणं शहाणपणाचं नाही.

कागदावर आणखी एक सोय आहे. पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, आणि तो अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. तुमच्या पोलीस ठाण्यातून तो गेला का, हे स्वतः जाऊन विचारा. नुसतं फोनवर "पाठवलाय" ऐकून गप्प बसू नका.

दोन्हीकडे पुराव्याची मापंही वेगळी. फौजदारीत चालकाचा दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. क्लेममध्ये 'असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त' इतकं दाखवलं की पुरतं. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी तेवढ्यावरून क्लेम बुडत नाही. सुप्रीम कोर्टाने हे 1980 पासून वारंवार सांगितलं आहे.

प्रकरणं वेगळी, पण कागद मात्र तेच. क्लेममध्ये पहिल्यांदा पाहिले जातात ते एफआयआर आणि स्थळ पंचनामा. पंचनाम्यात गाड्या कुठे पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा किती लांब, काचा कुठल्या बाजूला सांडल्या, हे लिहिलेलं असतं आणि चूक कुणाची ते बऱ्याचदा तिथेच ठरून जातं. फिर्याद घाईत दिलेली असते, जखमी बेशुद्ध, मेहुणा गडबडलेला. त्यात 'अनोळखी वाहन' असं लिहिलं गेलं आणि दोन महिन्यांनी ट्रकचा नंबर पुढे आला, तर विमा कंपनी म्हणणारच की गाडी मागाहून घुसवली. नंबर माहीत असेल तर तो पहिल्याच कागदात येऊ द्या. हॉस्पिटलच्या एमएलसी नोंदीतही (पोलीस प्रकरण म्हणून डॉक्टर करतात ती नोंद) 'गाडीवरून पडला' एवढंच लिहिलेलं नाही ना, ते पाहा. धडक कुणी दिली, हे त्यात यायला हवं. जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. पोलिसांना कितीही घाई असली तरी.

तडजोडीचंही तसंच. समोरचा माणूस ओळखीतला निघतो, वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतो की माझी काही तक्रार नाही, अपघात कुणाच्याही चुकीने झाला नाही. सही करणाऱ्याला वाटतं, पोलीस केस मिटवली. तोच कागद पुढे क्लेममध्ये विमा कंपनीचा वकील काढून दाखवतो. चालकाबद्दल राग नसणं समजू शकतं, पण 'चूक कुणाचीच नव्हती' हे वाक्य लिहून देऊ नका. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई बहुधा त्याच्या खिशातून जाणार नाही, विम्यातून जाणार आहे, हे त्यालाही समजावून सांगता येतं.

रक्कम कशी ठरते, याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर 60 टक्के अपंगत्व लिहिलं म्हणजे भरपाईही 60 टक्क्यांच्या हिशेबाने, असं नाही. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये हा फरक स्पष्ट केला: शरीराचं अपंगत्व किती आणि कमाईची क्षमता किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न. डावा हात गमावलेला ड्रायव्हर किंवा सुतार पूर्वीचं काम करूच शकत नाही, त्याचं नुकसान जवळपास शंभर टक्के. तोच हात सरकारी कारकुनाने गमावला आणि नोकरी टिकली, तर कमाईच्या नावाखाली कदाचित काहीच मिळणार नाही. वेदना आणि जगण्यातलं सुख हरवल्याची भरपाई अर्थात त्यालाही असते.

आकड्यांत पाहू. महिना 20,000 कमावणारा 34 वर्षांचा टेम्पोचालक. नोकरी कायम नाही आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी 40 टक्के धरले: 28,000. वर्षाचे 3,36,000. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, 16. म्हणजे कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरलं तर 53,76,000. दाखल्यावरचे 60 टक्के धरले तर हीच रक्कम 32,25,600 वर येते. एकवीस लाखांहून जास्त फरक, आणि तो ठरतो ते तुमचं काम नेमकं काय होतं आणि आता काय जमत नाही, हे साक्षीतून किती नीट आलं त्यावर. डॉक्टर साक्षीला आले की त्यांना हे विचारलं गेलंच पाहिजे. शिवाय उपचार, प्रवास, सोबतीला माणूस, पुढची ऑपरेशनं यांचे पैसे वेगळे. बिलं फेकू नका, औषधाच्या दुकानाची छोटी पावतीसुद्धा.

मेडिक्लेममधून बिल भागलं म्हणून क्लेममधला उपचारखर्च कापता येत नाही, असा निर्णय मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला. मोटरसायकलवर तिघे होतात म्हणून तेवढ्यावरूनही तुमची चूक ठरत नाही, तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून 50,000 रुपये मिळतात. तो अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे जातो, न्यायाधिकरणात नाही.

वकिलाबद्दल एक. "आधी काही देऊ नका, मिळाल्यावर तीस टक्के" हा व्यवहार हॉस्पिटलच्या दारात सर्रास ठरतो. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे. फी आधी बोलून घ्या आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. रक्कम अर्जदाराच्या बँक खात्यात येते आणि तिचा काही भाग न्यायाधिकरण अनेकदा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. पुढचं ऑपरेशन तोंडावर आलं असेल, तर ती ठेव मुदतीआधी मोडण्याची परवानगी तिथेच अर्ज करून मागता येते.