सेंट मेरी बेटावरचे खांब कोणी घडवले नाहीत, ते तडकले

उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांचा एक व्हिडिओ मध्यंतरी परत फिरत होता, सहा बाजूंच्या दगडी खांबांवर कॅमेरा फिरतोय आणि मागून आवाज, की इतके मापात दगड निसर्ग कापूच शकत नाही, हे एखाद्या प्राचीन संस्कृतीचं बांधकाम आहे. खाली कमेंटमध्ये लोक हात जोडतायत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्या बांधकामाच्या कथेपेक्षा कितीतरी भारी आहे.

आधी एक गैरसमज काढूया. दगड काळपट दिसतो म्हणून बरेच जण याला आपल्या सह्याद्रीचाच बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, समजतात. तसं नाहीये. सह्याद्री ज्याचा बनलाय तो दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि सेंट मेरीचा खडक साडेआठ ते नऊ कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्याही दोनेक कोटी वर्षं आधीचा. त्यात सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) बेसाल्टपेक्षा जास्त आहे, रायोलाइट-डेसाइट या लाव्हाच्याच पण वेगळ्या दगडांच्या जातीचा. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटत होते तेव्हा जो लाव्हा वर आला त्यातला हा, आणि हे बेट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही आहे.

आता खांब. लाव्हाचा जाड थर बाहेरून आत थंड होत जातो, थंड होताना आकसतो, पण खालचा गरम भाग त्याला आकसू देत नाही, मग ताण साठतो आणि पृष्ठभाग तडकतो. वाळलेल्या तळ्यातल्या चिखलाला भेगा पडतात ना, सुरुवात अगदी तशीच. त्या चिखलाकडे नीट बघा, भेगा बहुतेक काटकोनात भेटतात, इंग्रजी टी अक्षरासारख्या. कारण जुन्या भेगेने तिच्या आडव्या दिशेचा ताण आधीच मोकळा केलेला असतो, उरलेला असतो तो तिच्या लांबीच्या दिशेचा, आणि तो मोकळा करायला नवीन भेग तिच्यावर काटकोनातच येऊन आदळते.

मग सहा बाजू आल्या कुठून? माझ्या मते सगळी मजा इथेच आहे. लाव्हातली भेग एका झटक्यात तळापर्यंत जात नाही. थोडी खोल जाते, थांबते, कारण खाली दगड अजून गरम आणि मऊ असतो. तो भाग गार झाला की पुढची काही सेंटीमीटर तडकते, परत थांबते. प्रत्येक टप्प्याला तीन भेगा जिथे भेटतात तो सांधा जरासा सरकतो, आणि आता त्यात जुनी भेग नवी भेग असा भेद उरत नाही, तिघी जवळपास बरोबरच खाली उतरत असतात, त्यामुळे टीचा हळूहळू वाय होतो आणि तीन कोन १२०-१२० अंशांकडे जातात. आणि जमीनभर सगळे सांधे तीन भेगांचे असले की गणिताने तुकड्यांच्या बाजूंची सरासरी सहाच निघते (कोपरे, कडा आणि तुकडे यांच्या संख्यांचं नातं सांगणारा ऑयलरचा नियम), म्हणजे कुठे पाच बाजूंचा खांब आला तर कुठेतरी सात बाजूंचा येऊन हिशेब पुरा करतोच. बेटावर गेलात तर मोजून बघा, सगळे षटकोन नाहीयेत, पाच आणि सातवालेही सापडतील. कारागिराने साचा लावून कापले असते तर असं झालं नसतं.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आइसलँडचा बेसाल्ट प्रयोगशाळेत आकसता येऊ नये असा घट्ट धरून गरम केला आणि गार होऊ दिला, तेव्हा कळलं की तो ९८० अंश सेल्सिअसला घट्ट होतो पण तडकतो ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. म्हणजे दगड लालबुंद असतानाच खांब तयार व्हायला लागतात!

हे घरीही करता येतं. कॉर्नफ्लोर आणि पाणी सारखंच घेऊन काचेच्या भांड्यात कालवा, वर बल्ब लावून काही दिवस वाळू द्या आणि मग गोळा हलक्या हाताने फोडा, आत काही मिलिमीटर जाडीचे खांब उभे असतात. इथे गारव्याऐवजी पाणी उडून जातं एवढाच फरक.

लाव्हा जितका सावकाश गार होतो तितके खांब जाड. आणि खांब नेहमी गार होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, म्हणून ते तिरपे दिसले तर तो पृष्ठभागच तिरपा होता. स्कॉटलंडच्या स्टाफा या इवल्याशा बेटावर तर खाली सरळ खांब आणि त्यांच्या वर वेडेवाकडे वळलेले बारीक खांब एकाच कड्यात दिसतात. तिथली प्रसिद्ध फिंगल गुहा लाटांनी याच भेगांमधून दगड सैल करत करत खोदलीय, साधारण ७० मीटर खोल.

सेंट मेरीला लोक खांबांच्या डोक्यावर उभे राहून फोटो काढतात आणि परत फिरतात. जरा खाली वाका आणि खांबाची बाजू बघा, ऊन तिरपं असेल तर उत्तम. जिथे दगड झिजला नसेल तिथे आडवे पट्टे दिसू शकतात, एकाखाली एक. भेग जिथे जिथे थांबली होती त्या या जागा, तेवढाच एक एक टप्पा.